चाकात मोटर बसवणारा माणूस : फर्डिनांड पोर्शे आणि गाडीच्या खर्चाचा सव्वाशे वर्षांचा हिशेब

सचिन (सुरत) : सुरतच्या दक्षिणेला असलेलं सचिन एकेकाळी जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याच्या शाखेचं छोटं संस्थान होतं. आज ते ओळखलं जातं जीआयडीसीमुळे. नंदुरबार, धुळे, जळगावकडची कितीतरी मराठी कुटुंबं उधना, पांडेसरा, सचिन या पट्ट्यात पोटापाण्यासाठी स्थिरावली आहेत. पाळी सुटली की रस्त्यावर जी गर्दी उतरते, तिच्यात आता आवाज न करणाऱ्या स्कूटरीही दिसतात. यातल्या अनेक गाड्यांना चेन नाही, पट्टा नाही, गिअरही नाही. मोटर थेट मागच्या चाकात बसवलेली आहे. तिलाच हब मोटर म्हणतात.

ही गाडी किती वर्षं टिकेल आणि महिन्याला किती खाईल, हा प्रश्न घेणारा प्रत्येक जण विचारतो. हाच प्रश्न 1900 साली व्हिएन्नातल्या एका पंचविशीच्या तरुणासमोर होता. त्याचं नाव फर्डिनांड पोर्शे. आज हे नाव महागड्या स्पोर्ट्स कारशी जोडलं जातं, पण त्याला पहिली ओळख मिळाली ती चाकातल्या मोटरमुळे.

पत्रे ठोकणाऱ्याचा मुलगा

फर्डिनांडचा जन्म 3 सप्टेंबर 1875 रोजी बोहेमियातल्या माफर्सडॉर्फ गावी झाला. तेव्हा हा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. आज ते गाव चेक प्रजासत्ताकातल्या लिबेरेत्स शहराचा भाग आहे. सीमा सरकल्या, गावाचं नाव आणि देश दोन्ही बदलले, माणसं मात्र आपली भाषा बोलत राहिली. आपल्या सीमाभागातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

वडील अंतोन पोर्शे पत्र्याचं काम करायचे. थोरल्या भावाच्या अकाली मृत्यूनंतर दुकान पुढे चालवायची जबाबदारी फर्डिनांडवर येणार हे घरात ठरल्यासारखंच होतं. पोराचं लक्ष मात्र पत्र्यात नव्हतं. गावातल्या गालिच्यांच्या कारखान्यात विजेचे दिवे लागले होते आणि तो तिथे घुटमळायचा. दिवसा वडिलांच्या हाताखाली हातोडा आणि संध्याकाळी जवळच्या राइशेनबर्ग शहरातल्या तांत्रिक शाळेचे वर्ग, असा त्याचा क्रम होता. अठराव्या वर्षाच्या आसपास त्याने स्वतःच्या घरात विजेची जोडणी करून दिवे लावले. त्यानंतर वडिलांचा विरोध मावळला आणि 1893 मध्ये तो व्हिएन्नाला गेला.

तिथे बेला एगर यांच्या विजेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत तो लागला. पदवी नव्हती. तांत्रिक विद्यापीठातली व्याख्यानं तो बाहेरचा श्रोता म्हणून ऐकत असे. चारेक वर्षांत तो कंपनीच्या चाचणी विभागाचा प्रमुख झाला. मोटर कशी तापते, कुठे जळते, किती भार सोसते, हे त्याने हाताने करून शिकलं. 1897 च्या सुमारास तो चाकात बसणाऱ्या मोटरवर काम करू लागला.

चाकात मोटर ठेवण्याची कल्पना पोर्शे यांचीच होती असं नाही. अमेरिकेत 1880 च्या दशकातच तशी पेटंटं निघाली होती. पण त्या कल्पनेतून विकली जाणारी, रस्त्यावर धावणारी मोटारगाडी उभी केली ती त्यांनी.

चेन नाही, गिअर नाही

1898 मध्ये पोर्शे लुडविग लोहनर यांच्याकडे आले. याकोब लोहनर आणि कंपनी ही राजघराण्याला बग्ग्या पुरवणारी जुनी पेढी. घोड्यांचे दिवस संपत आल्याचं लोहनर यांनी ओळखलं होतं. पेट्रोलच्या गाड्यांचा धूर आणि धडधड त्यांना नको होती.

त्या काळच्या गाडीत इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेताना दातेरी चक्रं, चेन, पट्टे असा लांब प्रवास व्हायचा. प्रत्येक टप्प्यावर घर्षण, तेल, झीज आणि तुटफूट होती. पोर्शे यांनी हा सगळा मधला पसारा काढून टाकला. मोटर थेट पुढच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यात बसवली. मोटर फिरली की चाक फिरलं.

ही लोहनर-पोर्शे गाडी 1900 च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात मांडली गेली. दोन्ही चाकांतल्या मोटरी साधारण अडीच-अडीच अश्वशक्तीच्या होत्या. गाडी ताशी सुमारे 37 किलोमीटर वेगाने पळायची आणि एका चार्जिंगवर 50 किलोमीटरच्या आसपास जायची. हे आकडे आजच्या साध्या विजेच्या स्कूटरपासून फार लांब नाहीत. पोर्शे यांचं नाव युरोपभर झालं.

वजन कुठे आहे?

कौतुक सुरू असतानाच गाडीचं दुसरं अंगही दिसू लागलं. गाडीचं एकूण वजन साधारण 980 किलो आणि त्यातली शिशाची बॅटरीच 410 किलोची. म्हणजे गाडीची बरीचशी ताकद स्वतःची बॅटरी ओढण्यातच खर्ची पडायची. इंग्लंडच्या ई. डब्ल्यू. हार्ट या ग्राहकाने चारही चाकांत मोटरी असलेली गाडी मागवली, तेव्हा नुसती बॅटरी 1,800 किलोची झाली.

या वजनाचा मार टायरवर यायचा. त्या वेळचं रबर आजच्या इतकं टिकाऊ नव्हतं. रस्ते बग्ग्यांसाठी केलेले, खडीचे आणि दगडी फरशीचे. विजेचा खर्च परवडला तरी टायर आणि बॅटरी बदलताना खिसा रिकामा व्हायचा.

चाकातल्या मोटरची दुसरी अडचण तिच्या जागेमुळेच येते. गाडीचा सांगाडा आणि बसणारी माणसं स्प्रिंगच्या वर असतात. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि हादरा कमी होतो. चाक मात्र स्प्रिंगच्या खाली. त्यात बसवलेल्या मोटरला कुणी झेलत नाही. प्रत्येक खड्ड्याचा ठोका थेट बेअरिंगला, आसाला आणि आतल्या गुंडाळीला बसतो. शिवाय जड चाक खड्ड्यातून पटकन सावरत नाही. ते आपटतं, टायर झिजवतं आणि हँडल जड करतं.

पोर्शे यांच्या मोटरीत कार्बनचे ब्रशही होते. फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे हे तुकडे झिजतात आणि वेळोवेळी बदलावे लागतात. म्हणजे चेन-गिअरची देखभाल वाचली, पण कार्बन, टायर आणि बॅटरी यांचा खर्च उरलाच.

बॅटरी हलकी करण्याची युक्ती

मोटर चांगली आहे, बॅटरी जड आहे, मग बॅटरीच कमी करू, असा मार्ग पोर्शे यांनी काढला. गाडीत दोन लहान पेट्रोल इंजिनं बसवली. ती चाकांना जोडलेली नव्हती, फक्त जनित्र फिरवायची. जनित्राची वीज चाकातल्या मोटरींना आणि उरलेली बॅटरीला जायची. या गाडीचं नाव ‘सेम्पर विवुस’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘सदा जिवंत’. आज जिला हायब्रिड म्हणतात, तिची ही सुरुवातीची चालती रूपरेषा होती.

वजनाचा प्रश्न मात्र पुरता सुटला नाही. बॅटरी कमी झाली, पण इंजिन आणि जनित्र वाढलं. या गाडीचं मोटरसकट पुढचं एकेक चाक 272 किलोचं होतं. पुढे 1901 मध्ये ‘मिक्स्टे’ नावाची सुधारित गाडी आली. तिच्यात एक मोठं डाइम्लर इंजिन होतं. ती वेगवान होती, पण त्या काळच्या साध्या पेट्रोल मोटारीपेक्षा कितीतरी महाग. 1902 मध्ये राखीव सैनिक म्हणून सेवा बजावताना पोर्शे यांनी अशाच गाडीतून युवराज फ्रांझ फर्डिनांड यांना फिरवलं.

इंजिनाने वीज बनवायची आणि विजेने चाक फिरवायचं, ही पद्धत आपल्याकडे सगळ्यांनी पाहिली आहे. उधना-जळगाव या ताप्ती लाईनवर विजेच्या तारा येण्याआधी गाड्या ओढणारी डिझेल इंजिनं याच तत्त्वावर चालायची.

1906 पर्यंत लोहनर-पोर्शे पद्धतीच्या सुमारे तीनशे गाड्या विकल्या गेल्या. व्हिएन्नाच्या अग्निशमन दलातही त्या आल्या. बंबाला हे बरं जमायचं. त्याला लांब जायचं नसतं, तो परत ठाण्यावर येतो, चार्ज होऊन तयार उभा राहतो आणि बटण दाबलं की निघतो. रोज ठरावीक अंतर आणि रात्री ठरावीक जागा असेल, तर विजेची गाडी परवडते. तेव्हाही हे खरं होतं, आजही आहे.

मोटरला तिची जागा सापडली

1906 मध्ये पोर्शे ऑस्ट्रो-डाइम्लर कंपनीचे तांत्रिक संचालक होऊन वीनर नॉयश्टाटला गेले. पेट्रोलच्या मोटारींकडे वळले. 1910 च्या प्रिन्स हेन्री शर्यतीत त्यांच्या गाड्यांनी पहिले तीनही क्रमांक पटकावले. पण चाकातली मोटर त्यांनी टाकून दिली नाही. तिच्यासाठी वेगळं काम शोधलं.

पहिल्या महायुद्धाच्या आसपास त्यांनी रस्त्यावरून चालणारी आगगाडी बनवली. पुढच्या वाहनात पेट्रोल इंजिन आणि जनित्र, मागच्या डब्यांच्या चाकांत मोटरी, आणि सगळ्यांना जोडणारी वीजवाहक तार. प्रत्येक डबा स्वतःच्या चाकांनी चालायचा, त्यामुळे पुढच्या वाहनावर ओढण्याचा ताण येत नसे. अवजड तोफा डोंगरात नेण्यासाठी बनवलेल्या गाडीत तर एकेका जोडवाहनाला अशी आठ चाकं होती. चाकं बदलली की ती रुळावरूनही चालायची.

इथे चाकातल्या मोटरीचे दोष आड आले नाहीत. वेग कमी, त्यामुळे हादरे कमी. बॅटरी नाही, त्यामुळे ते वजनही नाही. आजही मोठ्या उघड्या खाणींतल्या राक्षसी डंपरांमध्ये डिझेल इंजिन वीज बनवतं आणि मागच्या चाकांतल्या मोटरी गाडी चालवतात. 1971 मध्ये अमेरिकेने चंद्रावर नेलेल्या गाडीच्याही चारही चाकांना आपापली मोटर होती. ती सावकाश चालायची आणि तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश.

हिशेबाची काळी बाजू

1917 मध्ये व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठाने पोर्शे यांना मानद डॉक्टरेट दिली. ज्या शिक्षणसंस्थेत ते बाहेर बसून ऐकत होते, तिथूनच. 1923 मध्ये ते स्टुटगार्टला डाइम्लरमध्ये गेले आणि 1931 मध्ये त्यांनी स्वतःचं डिझाईन कार्यालय काढलं.

1934 मध्ये हिटलरच्या सरकारसाठी त्यांनी सामान्य माणसाची स्वस्त मोटार बनवायचं काम घेतलं. तीच पुढे फोक्सवागन बीटल म्हणून जगभर गेली. किंमत 990 मार्क ठरली. कामगारांनी दर आठवड्याला 5 मार्कांची तिकिटं चिकटवून पैसे साठवायचे, अशी योजना होती. तीन लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले. युद्ध सुरू झालं आणि त्या योजनेतून एकाही बचतदाराला गाडी मिळाली नाही.

पोर्शे 1937 मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले. त्यांचे ज्यू भागीदार आडोल्फ रोझेनबर्गर यांना 1935 मध्ये कंपनीतून बाहेर पडावं लागलं होतं. युद्धकाळात फोक्सवागनच्या कारखान्यात सुमारे 20,000 लोकांकडून सक्तीने काम करून घेतलं गेलं. त्यात युद्धकैदी होते, छळछावण्यांतले कैदीही होते. पोर्शे यांच्या यांत्रिक बुद्धीचं कौतुक करताना हा भाग वगळता येत नाही. गाडी स्वस्त पडते तेव्हा तिची उरलेली किंमत कुणी मोजली, हेही विचारावं लागतं.

विजेची ओढ त्यांना युद्धातही सुटली नाही. 1942 मध्ये त्यांनी टायगर रणगाड्याचा जो नमुना दिला, त्यात पेट्रोल इंजिनं जनित्रं फिरवायची आणि विजेच्या मोटरी पट्टे चालवायच्या. चाचणीत तो सारखा बंद पडला. त्यासाठी तांबंही भरपूर लागायचं आणि जर्मनीत तांब्याची टंचाई होती. कंत्राट दुसऱ्या कंपनीला गेलं. तयार झालेल्या नव्वदेक सांगाड्यांपासून रणगाडाविरोधी तोफगाड्या बनल्या आणि त्यांना त्यांचंच नाव मिळालं, फर्डिनांड. 1943 च्या कुर्स्कच्या लढाईत त्या उतरल्या.

1945 च्या डिसेंबरमध्ये फ्रेंचांनी पोर्शे यांना अटक केली. वीस महिने ते कैदेत होते, त्यातला काही काळ दिजाँच्या तुरुंगात. 1947 मध्ये जामिनावर सुटले तेव्हा तब्येत खालावली होती. जामिनाची रक्कम मुलगा फेरी आणि मुलगी लुईझ यांनी एका रेसिंग कारचं काम घेऊन उभी केली. पुढे न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. 1948 मध्ये फेरी यांनी पोर्शे नावाची पहिली कार रस्त्यावर आणली. 30 जानेवारी 1951 रोजी स्टुटगार्टमध्ये फर्डिनांड पोर्शे यांचं निधन झालं.

सचिनच्या रस्त्यावर तोच हिशेब

पोर्शे यांच्या मोटरीपासून आजची हब मोटर बरीच पुढे गेली आहे. आताच्या मोटरीत ब्रश नसतात. आत कायमचे चुंबक असतात आणि वीज कधी कुठल्या गुंडाळीत सोडायची हे कंट्रोलर ठरवतो. घासणारा भाग उरतो तो मुख्यतः बेअरिंगचा. म्हणून चांगल्या रस्त्यावर, बेताच्या भाराने चालवलेली हब मोटर वर्षानुवर्षं काही मागत नाही. टीव्हीएसची आयक्यूब हब मोटरवर चालते, तर एथरच्या 450 मध्ये मोटर मध्ये असून पट्टा मागचं चाक फिरवतो. दोन्ही पद्धती बाजारात आहेत, कारण दोन्हींचा नफा-तोटा वेगळा आहे.

हब मोटरीचे शत्रू तीन. पहिला खड्डा. वजन स्प्रिंगखाली असल्यामुळे बेअरिंग आणि रिम आधी बोलतात. दुसरं पाणी. तार आसातून आत जाते आणि साचलेल्या पाण्यातून गाडी नेली की तिथूनच ओल शिरते. बेअरिंग गंजतं, आतले सेन्सर बिघडतात आणि गाडी गचके देऊ लागते. तिसरी उष्णता. दोन माणसं आणि सामान घेऊन सापुताऱ्यासारखा घाट हळूहळू चढवला, तर बंद चाकातली मोटर तापते. फार तापली तर गुंडाळी जळू शकते, चुंबकांची ताकदही कमी होते. पंक्चरचंही तसंच. मागचं चाक काढताना तारा सोडाव्या लागतात, त्यामुळे प्रत्येक पंक्चरवाला हात लावायला तयार होतोच असं नाही.

आता रुपयांचं गणित. आकडे फक्त समजण्यासाठी धरू. स्कूटरला 100 किलोमीटरला साडेतीन युनिट लागली आणि युनिट 8 रुपयांना पडलं, तर वीज 28 रुपयांची. पेट्रोलची स्कूटर लिटरला 50 किलोमीटर देते आणि पेट्रोल 95 रुपये आहे असं मानलं, तर 190 रुपये. बचत 162 रुपये दिसते.

पण बॅटरी 45,000 रुपयांची असेल आणि 45,000 किलोमीटर चालली, तर तिचा खर्च किलोमीटरला एक रुपया झाला. म्हणजे 100 किलोमीटरला आणखी 100 रुपये. विजेच्या गाडीचा खरा खर्च 28 नव्हे, 128 रुपये. पेट्रोलच्या गाडीला ऑइल, क्लच, सर्व्हिसिंग आहे, तो खर्च तिच्या बाजूला धरावा लागेल. तरीही बचत 62 रुपयांच्या आसपास येते, 162 च्या नाही. बॅटरी आधीच थकली असेल, तर तीही उरत नाही.

म्हणून जुनी स्कूटर घेताना मोटर किती वॅटची हे नंतर विचारावं. आधी बॅटरी किती वर्षांची आहे, वॉरंटी नावावर होते का, भरल्यावर खरोखर किती किलोमीटर जाते, हे पाहावं. गाडी स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवावं. घरघर आली तर बेअरिंग गेलंय. आसाशी तार जिथे आत शिरते तिथे गंज किंवा चिरलेलं रबर आहे का ते बघावं. सचिन-उधना पट्ट्यात कारखान्यांच्या मोटरी रिवाइंड करणारे कारागीर आहेत. पण हब मोटर उघडणं वेगळं काम आहे, ते येणाराच माणूस शोधावा.

पोर्शे यांच्या ‘सेम्पर विवुस’ची हुबेहूब चालती प्रतिकृती 2011 मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात मांडली गेली. लोकांनी ती गर्दी करून पाहिली, कारण ती आजच्या गाड्यांची पणजी वाटत होती. त्या काळी बॅटरीने तिला जड केलं, टायरने महाग केलं आणि स्वस्त पेट्रोलने मागे टाकलं. मोटर मात्र फिरत राहिली. आज बॅटरी हलकी झाली, ब्रश गेले, पेट्रोल महागलं, म्हणून तीच मोटर पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या मागच्या चाकात येऊन बसली आहे. तिचा खर्च मात्र आजही मोटरीपेक्षा बॅटरी, टायर आणि रस्ता हे तिघंच ठरवतात.